पायाचेही बोटच

मराठीत हाताचे ते बोट आणि पायाचेही बोटच. कन्नडमध्ये हाताचे बेरळु, तर पायाचे काल्बेरळु. इंग्रजीने मात्र पायाच्या बोटांना निराळे नाव देऊन त्यांची पंगतच वेगळी मांडली. मला आपल्या भाषांचे म्हणणे पटते, ते आमच्या आईमुळे.

आई सौंसरला असते. संधिवाताने तिच्या हाताची बोटे आखडली. मोबाईलची घंटी वाजून वाजून बंद व्हायची, तिला तो घेताच येत नसे. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा धाकट्या भावाने मोबाईल पाटावर ठेवला आणि म्हणाला, "पायाच्या अंगठ्यानं घे." काचेला काय, उघडी कातडी टेकली की झाले! पण पडद्यावर होता जामसांवळीचा निजलेला मारुती. आई म्हणाली, "देवाले पाय लावू काय?" जन्मभर विळीवर (आमच्या सौ.च्या माहेरच्या ईळिगेमणेवर) पाय दाबून भाजी चिरली, शिवणयंत्र पायाने चालवले, तेव्हा काही अडले नव्हते. शेवटी सौ.नेच तोड काढली, "अत्ते, मारुती भिंतीवर राहू दे. इथे नातवाचा फोटो लावू." नातवाला पाय लागलेला चालतो म्हणे!

आता फोन घेणे, ठेवणे जमते. अक्षरे टंकणे जमत नाही. अंगठ्याखाली एकदम तीन-चार अक्षरे येतात. हाताचा अंगठा बाकीच्या बोटांसमोर येतो म्हणून चिमूट होते. पायाचा अंगठा रांगेतच उभा. उरलेली चार बोटे एकेक हलवून पाहा, सगळी मिळूनच हलतात.

लहानपणापासून सराव असला तर मात्र गोष्ट वेगळी. २०१९ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांनी जन्मतः हात नसलेल्या, पायाने चित्रे काढणाऱ्या दोघांचे मेंदू तपासले. आपल्या मेंदूत हाताच्या एकेका बोटाला जशी स्वतंत्र जागा असते, तशी त्यांच्या मेंदूत पायाच्या बोटांना आढळली.

आमच्याच मध्य प्रदेशातले इंदूरचे विक्रम अग्निहोत्री यांनी लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले. २०१६ मध्ये त्यांना मोटारीचा परवाना मिळाला. एक पाय स्टिअरिंगवर, दुसरा ब्रेक-ॲक्सिलरेटरवर. गाडी आपोआप गिअर बदलणारी. पायाच्या कसबाइतकेच श्रेय मी त्या गाडीला देतो. गिअरचा दांडा मध्ये असता तर तेच पाय अपुरे ठरले असते.

भावाने मग आईच्या मोबाईलवर चारच चित्रे ठेवली, मोठी आणि दूरदूर. चौथे नातवाचे आहे. ते ती दिवसातून सहा वेळा दाबते, त्याची परीक्षा असली तरी.