दिवा आणि काटकसर

काटकसर हा सद्गुण खरा. परंतु ती कोठें थांबवावी हें ज्यास कळत नाहीं, त्याच्या हातून तिच्याच नांवाखालीं कृपणता घडते. हा धडा आम्हीं वर्गांत पुष्कळदां शिकविला. पण स्वतः शिकलों तो घरांतील एका दिव्यापासून. ती हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल, या हेतूनें येथें सादर करीत आहों.

आमच्या घरीं पुष्कळ वर्षें ६० वॅटचे कांचेचे गोळे जळत असत. एडिसननें १८७९ सालीं जो तारेचा दिवा सिद्ध केला, त्याच कुळांतले ते. यांत बारीक तार तापते व मग उजेड देते. त्यामुळें विजेचा फार मोठा भाग उष्णतेंत जातो आणि अल्पसा अंश तेवढा प्रकाशरूपानें हातीं येतो. लावावा दिवा आणि मिळावी शेगडी, असा हा व्यवहार! पुढें एल.ई.डी. दिवे आले. त्यांत तार तापवावी लागत नाहीं. अर्धवाहक पदार्थाच्या सूक्ष्म तुकड्यांतून वीज वाहतांना त्यांतूनच प्रकाश बाहेर पडतो. प्रखर निळा दिवा साधल्यावर त्यापासून पांढरा उजेड मिळूं लागला. या निळ्या दिव्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघां शास्त्रज्ञांस २०१४ सालीं पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. आणि २०१५ सालीं आपल्या सरकारनें उजाला योजनेंतून असे दिवे स्वस्त दरानें देण्यास आरंभ केला.

आम्हांस हिशेबाची हौस फार. खोक्यावरील वॅटचा आंकडा जितका लहान तितका दिवा चांगला, असा सोपा नियम बसवून आम्हीं सर्व खोल्यांत ३ वॅटचे दिवे लाविले. मुलांच्या आईनें "अंधारल्यासारखें वाटतें," असें एक-दोनदां सुचविलें. तेव्हां आम्हीं तिला काटकसरीवर एक लहानसें व्याख्यान ऐकविलें.

आमच्या मातोश्रींचें वय सत्तरीच्या पुढें. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवीत बसावें, हा त्यांचा नेम. कांहीं आठवड्यांनीं आमच्या लक्षांत आलें कीं, गोधडी घडी घालून कोपऱ्यांत पडली आहे आणि मातोश्री दिवेलागणीनंतर लौकरच अंथरुणावर पडतात. आम्हीं विचारलें, "आई, गोधडी कां राहिली?"

"अरे, सुईंत दोराच जात नाहीं. डोळे गेले आतां माझे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे वळल्या.

दुसऱ्याच दिवशीं त्यांस डॉक्टरांकडे नेण्याचा बेत आम्हीं केला. इतक्यांत आमची धाकटी कन्या म्हणाली, "पण बाबा, दुपारीं अंगणांत बसली म्हणजे आजी एका दमांत दोरा ओवते."

आम्ही निरुत्तर झालों. त्या रात्रीं खोकें पुन्हां हातीं घेऊन पाहिलें, तों वॅटच्या शेजारींच 'ल्युमेन' हा शब्द छापलेला! वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. ल्युमेन म्हणजे किती उजेड देतो. जुना ६० वॅटचा गोळा सुमारें ७०० ल्युमेन उजेड देई; आमचा नवा दिवा जेमतेम ३०० देत होता. ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा सुमारें ९०० देतो.

मग खर्चाचा हिशेब मांडला. रोज ५ तास याप्रमाणें ३० दिवसांत जुना गोळा ९ युनिटें वीज खाई. ९ वॅटचा दिवा १.३५ युनिट खातो आणि ३ वॅटचा ०.४५. म्हणजे मोठी बचत ९ वॅटच्या दिव्यानेंच साधली असती. त्यापुढें आम्हीं जी वांचविली, ती महिन्याला एक युनिटसुद्धां पुरती नव्हती. आणि तेवढ्यासाठीं एका वृद्ध माउलीच्या संध्याकाळी आम्हीं काढून घेतल्या होत्या.

दुसऱ्या दिवशीं त्यांच्या खोलींत ९ वॅटचा दिवा आला, आणि तोही खालीं, त्यांच्या बैठकीजवळ. कारण लहान दिव्याचें अंतर दुप्पट केलें तर कामावर पडणारा उजेड चौथाईवर येतो, हें आम्ही विज्ञानाच्या तासाला शिकवीत असूनही घरीं विसरलों होतों. मार्गिकेंत व मोरींत मात्र ३ वॅटचेच दिवे राहिले. तेथें ते पुरेसे आहेत.

मातोश्रींस आम्हीं खरें तें सांगितलें : "आई, तुझे डोळे नव्हते गेले, माझा हिशेब चुकला होता."

त्या हंसून म्हणाल्या, "मग आधीं कां नाहीं सांगितलेंस रे? मी उगीच म्हातारपणाला बोल लावीत होतें."

विद्यार्थिमित्रांनो, दिवा घेतांना प्रथम विचारा कीं, याच्या उजेडांत कोण बसणार व काय करणार. मग ल्युमेन पाहा, मग वॅट; आणि खोलींतून उठतांना बटण बंद करा. खरी काटकसर तेथें आहे. मातोश्रींची गोधडी नाताळापूर्वीं पुरी झाली. ती आमच्या कन्येच्या अंगावर आहे. आमच्या वांट्यास तिची एक कडही आली नाहीं, आणि तें योग्यच झालें.