डिंगोऱ्यातला एक तास

माळशेज घाट चढून वर आलो की आमच्या अम्मींचा जीव भांड्यात पडतो. मुरबाड मागे टाकल्यापासून त्यांच्या हातातली तसबीह थांबलेली नसते. घाटमाथा आला की त्या ती पर्समध्ये ठेवतात, खिडकीची काच खाली करतात आणि म्हणतात, "अल्हमदुलिल्लाह, आता सपाटी आली. आता भीती नाही."

या वेळीही तसेच झाले. पावसाळ्याचे तोंड होते. कल्याणहून ओतूरला आपांकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी जुन्नर असा आमचा बेत होता. घाटात ढग गाडीच्या टपाला टेकलेले होते. खुबीपासून पिंपळगाव जोग्याच्या धरणाचे पाणी दिसू लागले, मढ मागे पडले आणि रस्ता मोकळा मिळताच आमच्या भाच्याने गाडी सोडली. डिंगोरे कधी आले ते कळलेच नाही. कळले ते अम्मींना चहा हवा झाला म्हणून.

गाडी डाव्या हाताला उभी केली. चहाची टपरी रस्त्यापलीकडे. आमची दहा वर्षांची लेक दार उघडून उतरली आणि सरळ चालू लागली. नगरकडून भाजीच्या रिकाम्या क्रेट भरलेली एक पिकअप आली. कर्कश हॉर्न वाजला, मुलगी जागच्या जागी खिळली आणि गाडी तिच्यापासून दोन हातांवरून निघून गेली. आम्ही कुणीच काही बोललो नाही. भाचा उतरून तिला हाताला धरून परत घेऊन आला. अम्मींच्या हातात तसबीह पुन्हा आली होती.

मग पाच मिनिटांच्या चहासाठी आम्ही तिथे तासभर बसलो. पाय थरथरत होते हे एक कारण. दुसरे असे की टपरीवर बसलेले एक बुजुर्ग सहज बोलून गेले, "ताई, पोरगी नशिबाची. इथला तो अपघात ऐकला असेल ना?"

ऐकला होता. १७ डिसेंबर २०२३, रविवारची रात्र. याच कल्याण-नगर महामार्गावर, डिंगोरे गावाजवळ पिकअप आणि रिक्षाची धडक झाली आणि आठ माणसे गेली. त्यांत मुलेही होती. त्या वेळी आम्ही ती बातमी घरी बसून वाचली होती, 'इन्ना लिल्लाहि' म्हटले होते आणि पान उलटले होते. त्या रस्त्याच्या कडेला बसून चहा पिताना ती बातमी वेगळी वाटते. लग्नकार्याला, दवाखान्याला, स्टँडवर जायला रिक्षात दाटीवाटीने आम्हीही किती वेळा बसलो आहोत, ते मोजावेसे वाटेना.

तासाभरात आम्ही जे पाहिले ते या रस्त्यावरच्या कोणत्याही गावात दिसेल. शाळा सुटली आणि दप्तरे पाठीवर घेऊन मुले डांबराच्या कडेने ओळीने निघाली. डांबर संपले की लगेच चिखल, म्हणून चालायचे डांबरावरूनच. दोन बायका एस.टी.ची वाट पाहत उभ्या होत्या. एक बैलगाडी आली, मागोमाग मुंबईचे पर्यटक भरलेल्या तीन गाड्या, मग एक दुचाकी आणि तिच्यावर चौघे. सगळ्यांना एकच रस्ता. गावकऱ्यांसाठी ती गावातली गल्ली आहे आणि गाडीवाल्यांसाठी तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ आहे. त्याच पट्टीवर दोघेही आपापल्या समजुतीने वागतात. सारे दुखणे इथे आहे.

देशात २०२२ साली रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. आपल्याला वाटते, हे सारे शहरांच्या गर्दीत होत असेल. पण या मृत्यूंपैकी सुमारे ६८ टक्के ग्रामीण भागातले होते. कारण सरळ आहे. शहरात गर्दीच गाडीला वेग घेऊ देत नाही. गावात रस्ता मोकळा, दिवे कमी आणि दवाखाना लांब. ताशी ३० किलोमीटरने चाललेली गाडी अंगावर आली तर चालणारा माणूस बहुधा वाचतो. तीच गाडी ६० ने आली तर क्वचितच वाचतो. म्हणून २०२० साली स्टॉकहोमला जमलेल्या देशांनी ठरवले की जिथे माणसे आणि वाहने एकत्र येतात तिथे ३० ची मर्यादा असावी.

"मग ग्रामपंचायतीने गतिरोधक का नाही घातला?" असे आमच्या लेकीच्या अब्बांनी विचारले. बुजुर्ग हसले. "साहेब, रस्ता केंद्राचा. पंचायतीने त्यावर एक खडा टाकायचा म्हटला तरी परवानगी लागते."

हे खरे आहे. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक नसावेत असेच केंद्राचे धोरण आहे. कारण अंधारात न दिसणारा गतिरोधक स्वतःच अपघात घडवतो. त्याऐवजी खडखडणारे आडवे पांढरे पट्टे, दुरून चमकणारे फलक, पादचारी पट्टे आणि गावाच्या दोन्ही तोंडांना दिवे असा उपाय सुचवला जातो. हे काम महामार्ग सांभाळणाऱ्या खात्याचे. पण मागणी कुणी करायची? तिथे पंचायत येते.

१९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींकडे सोपवता येतील असे २९ विषय अकराव्या अनुसूचीत आले. त्यांत रस्ते, मोऱ्या आणि पूल आहेत. दरवर्षी ग्रामपंचायत विकास आराखडा बनतो. त्याच्या नऊ विषयांपैकी एक आहे पायाभूत सुविधांनी स्वयंपूर्ण गाव आणि दुसरा स्वच्छ व हरित गाव. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता आणि ४० टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चायचा होता. बसथांब्याला छप्पर, शाळेपासून थांब्यापर्यंत पायवाट, गटारावर झाकणे टाकून चालायला जागा, वळणावर सौर दिवा, ही कामे महामार्गाला हात न लावता गावाच्या हद्दीत होऊ शकतात. जे आपल्या हातात नाही त्याचा ग्रामसभेत ठराव करायचा आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवायचा. तोंडी तक्रार चहाबरोबर संपते. ठरावाला मात्र जावक क्रमांक असतो आणि त्याचे उत्तर मागता येते.

जुन्नरच्या मुलखात दिव्याला आणखी एक अर्थ आहे. हा बिबट्यांचा भाग. उसाच्या कडेने संध्याकाळी चालणाऱ्या बाईला गाडीचेही भय आणि जनावराचेही. एक दिवा दोन्ही भये कमी करतो. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या रात्री निघतात. ट्रॉलीमागे चमकणारी लाल पट्टी लावायला फार पैसे लागत नाहीत. ती नसली तर मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती धडकल्यावर.

आणि एस.टी.? त्या दोन बायकांना बस मिळेपर्यंत आमचा चहा दोनदा झाला. १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तेव्हापासून गावोगावच्या लेकी-सुना तिच्या भरवशावर माहेरी गेल्या. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे. अम्मींना याचा फार अभिमान! पण बस वेळेवर आली नाही तर सवलत कागदावर राहते आणि माणसे पुन्हा दाटीच्या रिक्षात किंवा टेम्पोत बसतात. एक भरलेली एस.टी. म्हणजे वीस-पंचवीस दुचाक्या रस्त्यावरून कमी, धूर कमी आणि जोखीमही कमी. म्हणून बसच्या वेळा आणि थांब्याची जागा हाही ग्रामसभेचाच विषय आहे. शाळेच्या वेळेला एक फेरी वाढवा, एवढी मागणी लावून धरली तरी पुष्कळ.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुन्नरला गेलो. हापूसबागेतला सौदागर घुमट पाहिला. अहमद निजामशहाने नगर वसवण्याआधी त्याचा कारभार याच जुन्नरातून चालत होता. मग नाणेघाटही पाहिला. सातवाहनांच्या काळात कोकणातून वर येणारे व्यापारी याच वाटेने चढत. तोंडाशी दगडी रांजण आहे. त्यात जकात टाकली जाई, असे सांगतात. आमच्या लेकीने विचारले, "पैसे कशाचे?" भाच्याने उत्तर दिले, "वाट नीट ठेवल्याचे." दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही हा सौदा कळत होता. वाट वापरणाऱ्याने किंमत द्यायची आणि घेणाऱ्याने ती सुरक्षित ठेवायची. आजही आपण गाडीचा कर भरतो, घरपट्टी भरतो. पण बदल्यात सुरक्षित वाट मागायला आपण विसरलो आहोत.

वाटेतला काटा बाजूला करणे हा ईमानचाच एक भाग आहे, हे आपण मुलांना मदरशात शिकवतो. वाटेचा हक्क अदा करा, ही नबी करीम सल्लल्लाहु अलैहि व सल्लमची ताकीदही शिकवतो. पण आपल्या मोहल्ल्यातून किती जण ग्रामसभेला जातात? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ती भरते. बायकांची वेगळी सभाही घेता येते. तिथे जायला वर्षातले चार दिवस पुरतात.

परतताना डिंगोरे पुन्हा आले. काटा ऐंशीवर होता. अम्मी काही बोलण्याआधीच भाच्याने पाय ब्रेकवर ठेवला. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला, आम्ही तो वाजू दिला. गाव हळूहळू मागे पडले. शाळेची मुले कडेने चालत होती. आमच्या लेकीने खिडकीतून हात हलवला. एका मुलीने उलट हात हलवला.

त्या दिवशी आम्हाला एक गोष्ट मान्य करावी लागली. रस्त्यावरचा धोका म्हणजे दुसऱ्याची गाडी, असे आम्ही आजवर समजत होतो. माळशेज चढून सपाटी आल्यावर आमची भीती जायची, आणि नेमकी तिथेच डिंगोऱ्याच्या मुलांची सुरू व्हायची. त्यांच्यासाठी धोका आम्ही होतो.

आता अम्मींनी नियम केला आहे. घाट संपला तरी तसबीह पर्समध्ये जात नाही. ती ओतूरला आपांच्या दारात गाडी थांबली की मगच ठेवायची. आणि भाच्याला सांगून ठेवले आहे, गाव आले की गाडीचा वेग एवढा असावा की अम्मींना दुकानाच्या पाटीवरचे नाव वाचता आले पाहिजे. चष्म्याशिवाय!