अठरा तासांचा हिशेब आणि थकलेले शरीर

आपल्या चळवळीत "मी थकले" हे दोन शब्द बोलायला फार धीर लागतो. मोर्चात लाठी खाल्ली असे सांगणाऱ्याभोवती दहा जण जमतात. "आज अंथरुणातून उठताच आले नाही" असे सांगणाऱ्याकडे मात्र लोक आधी संशयाने बघतात. हा संशय आपल्यात कुठून आला, आणि तो आंबेडकरी विचारात बसतो का, हे तपासण्यासाठी हा लेख आहे.

मला सहा वर्षांपासून र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. आमच्या पिंप्राळ्यात याला सरसकट "संधिवात" म्हणतात आणि तो म्हातारपणी होतो असे समजतात. तिशीतल्या बाईला झाला म्हटले की लोकांना पटत नाही. वास्तविक हा आजार झिजेचा नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते आणि तिथे दाह सुरू होतो. तो कोणत्याही वयात होऊ शकतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दुपटीतिपटीने जास्त होतो. सकाळी बोटे वळत नाहीत. कणीक मळणे, चहाचे पातेले उचलणे, पेन धरणे या साध्या गोष्टींना तासभर थांबावे लागते.

पण दुखण्याबद्दल मी आज फारसे लिहिणार नाही. दुखणे लोकांना कळते, सुजलेले मनगट दाखवता येते. थकवा दाखवता येत नाही. दाह निर्माण करणारी जी रसायने रक्तात फिरतात ती मेंदूवरही परिणाम करतात. ताप आला की अंग गळून जाते ना, तसेच काहीसे, फक्त ताप उतरतो आणि हे उतरत नाही. त्यात रात्री दुखण्यामुळे झोप मोडते. अनेक रुग्णांत हिमोग्लोबिन कमी झालेले असते. औषधाने सूज ओसरली, ईएसआर आणि सीआरपीचे आकडे खाली आले, तरी थकवा मागे राहू शकतो. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात त्राण नसते. याला आळस म्हणणे म्हणजे दम्याच्या रुग्णाला श्वास घेण्याचा कंटाळा आहे असे म्हणण्यासारखे आहे.

आता यात जातीचा प्रश्न कुठे आला, असे कोणी विचारील. सांगते.

आजार सुरू झाला तेव्हा मी एका संस्थेच्या प्रकल्पावर काम करत होते. गावोगाव सर्वेक्षण, दिवसाला दोन गावे. सकाळी आठऐवजी दहाला निघू द्या, एवढीच माझी विनंती होती. डॉक्टरांची चिठ्ठीही जोडली होती. वरच्या पदावरच्या व्यक्तीने हसत हसत म्हटले, "तुम्हा लोकांना सवलतीची सवयच लागलेली असते." माझ्याच सोबतच्या, दुसऱ्या आडनावाच्या एका मुलीला मायग्रेन होता. तिला "बिचारी" म्हणून घरून काम करायला मिळाले. तिचा मायग्रेन खोटा नव्हता, तिला मिळाले ते योग्यच मिळाले. प्रश्न एवढाच आहे की तिचा थकवा आजार ठरला आणि माझा थकवा स्वभाव ठरला, तोही माझ्या समाजाचा. चार महिन्यांनी ते काम सुटले.

समाजशास्त्राच्या वर्गात आपण कलंक नावाची संकल्पना शिकतो. अस्पृश्यतेने ज्यांच्याकडून पिढ्यान् पिढ्या रात्रंदिवस राबवून घेतले, मेलेली ढोरे ओढून घेतली, वेठबिगारी करून घेतली, त्यांनाच "कामचुकार" म्हणण्याची ही जुनी तऱ्हा आहे. ती आज भाषा बदलून ऑफिसात येते. म्हणून आपल्यातला आजारी माणूस दुप्पट राबतो. एक काम नोकरीचे, दुसरे आपण आळशी नाही हे सिद्ध करण्याचे. दुसरे काम जास्त थकवते.

बाहेरच्यांचे समजू शकते. मला जास्त लागले ते आपल्या माणसांचे बोलणे. एका बैठकीत मी जबाबदारी घ्यायला नकार दिला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "ताई, बाबासाहेब अठरा अठरा तास काम करायचे." त्याच्या मनात वाईट काही नव्हते. दर १४ एप्रिलच्या सुमारास आपण शाळा-महाविद्यालयांत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम घेतो, आणि ते चांगलेच आहेत. पण अठरा तास हे प्रेरणेचे माप आहे, ते माणसाची किंमत ठरवण्याचे माप झाले तर गडबड होते.

बाबासाहेब अठरा तास का वाचत होते ते आधी पाहा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते कोलंबिया विद्यापीठात गेले, ती मुदतीची शिष्यवृत्ती होती. पुढे लंडनलाही पैसा आणि वेळ दोन्ही मोजूनमापून होते. ज्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या ग्रंथ होते त्याला घाई नव्हती, ज्याला शतकानुशतके दारात उभे केले नव्हते त्याला होती. ते अठरा तास एका अन्यायाने लादलेले होते. सगळ्यांनी असेच राबावे असा नियम बाबासाहेबांनी कुठे केला? सत्ता हातात आली तेव्हा त्यांनी नेमके उलटे केले.

१९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकावर बोलताना त्यांनी मांडले की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कारखाना कायद्यात १९४६ ची दुरुस्ती आली आणि बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, काँग्रेस आणि गांधी यांच्यावरील ग्रंथात तर त्यांनी यंत्रांची बाजू घेतली ती फुरसतीसाठी. फुरसत नसेल तर संस्कृती नाही, आणि लोकशाहीत ती प्रत्येक नागरिकाला मिळाली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. चरख्याच्या कष्टाला पवित्र म्हणणाऱ्यांना दिलेले ते उत्तर होते. मग आपणच आपल्या कार्यकर्त्यांच्या कष्टाला पवित्र का करतो?

आणि बाबासाहेबांचे शरीर? तेही थकले होते. मधुमेह होता, पायांच्या दुखण्याने त्यांना झोप लागत नसे. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. आपली प्रकृती चिंताजनक आहे, डॉक्टर उपचारांचा आग्रह धरत आहेत, म्हणून हिंदू कोड बिल आधी घ्या, असे त्यात होते. या पत्रात मला दोन गोष्टी दिसतात. त्यांनी आजार लपवला नाही. आणि शक्ती कमी आहे हे ओळखून कोणते काम पहिले, ते ठरवले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांनी १९५१ ते १९५६ या काळात, आजारपणाच्या चढउतारांत लिहिला. त्याच्या प्रस्तावनेत ते माईसाहेब आणि डॉ. मालवणकर यांच्या वैद्यकीय कौशल्याला श्रेय देतात, प्रुफे तपासणाऱ्या म. भि. चिटणिसांचे आभार मानतात. टंकलेखनाला नानकचंद रत्तू होते. म्हणजे आपल्या धम्माचा हा ग्रंथ एका आजारी माणसाने चार जणांच्या हातांच्या आधाराने पुरा केला. हे बाबासाहेब आपण पोरांना का सांगत नाही?

तथागतांकडे या. मज्झिमनिकायातल्या सेखसुत्तात कपिलवस्तूच्या शाक्यांनी नवे सभागृह बांधले आहे आणि बुद्ध तिथे बऱ्याच रात्रीपर्यंत उपदेश करतात. मग आनंदांना सांगतात की पाठ दुखते आहे, आता तुम्ही बोला. चीवराची घडी घालून उजव्या कुशीवर पडतात. आनंदांचे बोलणे संपल्यावर उठून "साधु" म्हणतात. दीघनिकायातल्या संगीतिसुत्तातही तसेच घडते, फक्त तिथे सभा सारिपुत्तांकडे सोपवलेली आहे. पाठ दुखते हे भर सभेत सांगता येते, सभा दुसऱ्याच्या हाती देता येते आणि त्याने ती नीट चालवली तर त्याचे कौतुक करता येते. आपल्या किती नेत्यांना यातले एक तरी जमते? चालून चालून पायांतून रक्त काढणाऱ्या सोणाला बुद्धांनी वीणेच्या तारेचे उदाहरण दिले तेही सगळ्यांना ठाऊक आहे. तार फार ताणली तरी सूर नाही, सैल सोडली तरी नाही.

मी माझी तार कशी लावते ते थोडक्यात सांगते, कारण हे वाचणाऱ्यांत माझ्यासारख्या कोणी असतीलच.

पहिले, औषध सोडत नाही. मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. म्हणून घरात कॅलेंडरवर वार लाल पेनाने लिहून ठेवला आहे. गोळीच्या दुसऱ्या दिवशी मला गळून जायला होते आणि रविवारी विहारात वंदना असते, म्हणून डॉक्टरांना विचारून वार बदलून घेतला. दुसरे, थकवा वाढला की "आजारच असा आहे" म्हणून बसत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉईड तपासून घेते, कारण त्यावर इलाज असतो. तिसरे, रोज सकाळी आखडलेपणा उतरल्यावर वीस-पंचवीस मिनिटे चालते. थकलेल्याला चालायला सांगणे विचित्र वाटते, पण बेताचा व्यायाम हा थकवा कमी करतो. खान्देशातल्या मे महिन्यात मात्र ते पहाटेच. चौथे, बऱ्या वाटणाऱ्या दिवशी सगळी कामे उरकून घेत नाही, कारण त्याची वसुली पुढचे तीन दिवस होते. आणि कोणी कितीही खात्री दिली तरी नाव नसलेल्या पुड्या घेत नाही. अशा पुड्यांत स्टिरॉईड मिसळलेले सापडते. चार दिवस घोड्यासारखे पळता येते, मग हाडे आणि साखर दोन्ही बिघडतात.

पण हे सगळे करायला वेळ, पैसा आणि थोडी समज लागते. आमच्या भागातल्या कित्येक बाया एमआयडीसीत डाळ मिल आणि चटईच्या कारखान्यांत रोजंदारीवर जातात. त्यांच्यापैकी एखादीला हा आजार असेल तर खाडा म्हणजे मजुरी गेली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, आयुष्यभर दर महिन्याला लागणाऱ्या गोळ्या आणि तपासण्यांचा खर्च बहुतेकींना खिशातूनच करावा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यांत या आजाराचे नाव नाही. सांधे वाकडे झाल्यावर हालचालीच्या टक्केवारीत कदाचित बसता येते, पण थकवा त्या मापात धरला जात नाही. म्हणजे हात निकामी होईपर्यंत थांबा, मग या. हा प्रश्न आरक्षणाच्या आणि शिष्यवृत्तीच्या प्रश्नाइतकाच आपला आहे.

"अन्याय वेळ बघून होत नाही, मग कार्यकर्ता वेळ कसा बघणार?" हा आक्षेप मी ऐकलेला आहे आणि तो खोटा नाही. रात्री अकराला फोन येतो, जावे लागते. पण ॲट्रॉसिटीचे प्रकरण एका रात्रीचे कधी असते? उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडून तपास, साठ दिवसांत दोषारोपपत्र, मग साक्षीदार टिकवणे, विशेष न्यायालयातल्या तारखा, हे सगळे वर्षानुवर्षे चालते. पहिल्या रात्री धावलेले पन्नास जण तिसऱ्या वर्षी कुठे असतात? फिर्यादीसोबत तारखेला बसायला जो उरतो तोच कार्यकर्ता. तो उरावा असे वाटत असेल तर त्याला झिजवून चालणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक जबाबदारीला दोन नावे असावीत, म्हणजे एक आजारी पडली तर काम पडत नाही. बैठकीची सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळा ठरलेल्या असाव्यात. कार्यक्रमात खुर्ची, पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह आधी, मंडप आणि डीजे नंतर. ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर आपण जातो. १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे थांबले होते. पावसाळी हवेत माझे सांधे धरतात, गर्दीतून चालवत नाही. गेल्या वर्षी सोबत्यांनी मला पुस्तकांच्या टेबलाशी खुर्ची दिली. मी बसून हिशेब सांभाळला, पोरांनी गठ्ठे उचलले, आणि कोणाला कोणावर उपकार केल्यासारखे वाटले नाही. संघटित होणे याहून वेगळे काय असते?

ज्या समाजाला विसाव्याचा हक्कच नाकारला गेला होता, त्या समाजाच्या चळवळीत विसावा मागणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये. तुमच्या शाखेत, मंडळात, अभ्यासगटात हल्ली दिसेनाशी झालेली एखादी व्यक्ती आठवा. तिने चळवळ सोडली असे ठरवण्याआधी एकदा तिच्या घरी जा. तिची तब्येत विचारा, आणि बसून करता येईल असे एक काम सोबत घेऊन जा.

जय भीम! नमो बुद्धाय!