डावीकडची टकटक

२३ सप्टेंबर
पाटण रस्त्यावर डावीकडून टकटक. गाडी हळू असली तरच. साठाच्या वर गेलं की गप्प.

२४ सप्टेंबर
काच खाली करून कॉलनीच्या कुंपणभिंतीलगत गाडी नेली. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, नीट ऐकू येतो. गतिरोधकावर चढताना एक ठोका, उतरताना एक. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं तर कुरकुरही. धाकटीला काहीच ऐकू येत नाही म्हणे. तिच्या कानात गाणी.

२७ सप्टेंबर
नाक्यावरच्या गॅरेजात गेलो. चाकाकडे न बघताच निकाल : शॉकअप गेलेत, दोन्ही बदला. चहा न घेता निघालो. घरी पुढचा कोपरा दाबून सोडला. गाडी एकदा वर येऊन थांबली, डोलली नाही. तेलाचा ओघळही नाही. मग शॉकअप कसे गेले?

३० सप्टेंबर
धाकटीला दिवाळीआधी चिपळूणला रुजू व्हायचंय. गाडी घेऊन जाणार म्हणते. मधे कुंभार्ली घाट.
एसटी आहे की, म्हटलं.

२ ऑक्टोबर
सुट्टी. सर्वपित्री. आज गाडीखाली जाऊ नका, असं हिचं म्हणणं. जेवणं उरकल्यावर गेलो.
जॅक लावला, घोडीवर घेतली. नुसत्या जॅकवर खाली हात घालायचा नाही, हा नियम. डावं चाक घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. टक्. तळहाताला स्पष्ट कळलं. तीन आणि नऊवर धरलं, चाक घट्ट. म्हणजे टाय रॉड एंड शाबूत. धाकटीला ब्रेक दाबून धरायला लावलं. बेअरिंगचा प्ले असता तर ब्रेकनं बंद झाला असता. झाला नाही.
मग टॉमी घालून लोअर आर्म उचकला. बॉल जॉइंट खालीवर होतोय. रबरी बूट फाटलेला, आत ग्रीस नाहीच, लाल चिखल. पावसाळाभर खड्ड्यांतलं पाणी आत गेलं असणार. आत पोलादी गोळा आणि प्लास्टिकची वाटी. धूळ-पाण्यानं वाटी झिजली की गोळा खुळखुळतो.
गाडीचा भार स्प्रिंगवरून वर जातो, या सांध्यावर नाही. पण चाकाचा खालचा भाग यानंच धरलेला असतो. गोळा वाटीतून निसटला तर चाक आडवं. मागे कोयनानगरच्या अलीकडे एक गाडी तशी बसलेली पाहिली होती.
धाकटीनं विचारलं, किती गंभीर? बघू म्हटलं.

३ ऑक्टोबर
झोप नाही.

५ ऑक्टोबर
ओगलेवाडीचे मिस्त्री. (काचकारखान्याचं गाव. आमच्या घरी प्रभाकर कंदील होता, त्याची काच इथली.) त्यांनी आधी चाक हलवलं, मग बोलले. "सर, आर्मच बदलायला लागंल. जॉइंट सुटा येत नाही याला. आन् दोन्ही बाजू घ्या, उजव्याचं बूट पण चिरलंय." स्वस्तातला माल नको, असं त्यांनी आपणहून सांगितलं. माणूस बरा वाटला.
अॅम्बॅसिडरला ग्रीस निपल असायचे. गन लावली की काम झालं. हे जॉइंट कायमचे बंद.

१० ऑक्टोबर
पार्ट आले नाहीत. आले नाहीत तेच बरं, असंही एकदा वाटून गेलं.

१२ ऑक्टोबर
दसरा. गॅरेजात काम बंद. पाने, हातोडे, जॅक ओळीनं मांडलेले, हळदकुंकू वाहिलेलं. गाडीला हार घातला, बाहेर काढली नाही. धाकटीनं सोनं दिलं आणि विचारलं, "बाबा, गाडी देणार ना?"
पार्ट येऊ देत.

१५ ऑक्टोबर
पार्ट आले. दिवसभर गॅरेजात. नकलचा बोल्ट गंजलेला. तेल सोडून अर्धा तास ठेवला, मग बाजूनं हातोडीचे ठोके. खाली पडला तेव्हा पोरगं ओरडलं, "सुटलं!" जुन्या जॉइंटची दांडी बोटानं हलवली, कोंबडीच्या मोडलेल्या मानेसारखी लोळते. नव्याची हातानं हलता हलेना. जुने बुशही फाटलेले.
एक गोष्ट आवडली. बुशचे बोल्ट मिस्त्रींनी आधी ढिलेच ठेवले. गाडी चाकांवर उतरवून खड्ड्यावर घेतली आणि शेवटचा पीळ तेव्हा दिला. चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं, लवकर फाटतं. हे सगळेच करत नाहीत.

१६ ऑक्टोबर
अलाइनमेंट. डावा टायर आतल्या कडेनं गुळगुळीत. तोही बदलला. रात्री कोजागिरीचं दूध, ढगांतून चंद्र.

१९ ऑक्टोबर
धाकटी चालवत होती, मी शेजारी. पाटणपर्यंत एक ठोका नाही. माझा उजवा पाय सारखा चटईवर दाबला जात होता. तिनं पाहिलं, बोलली नाही. कोयनानगरला आता वळ म्हटलं. वळली नाही. घाट उतरली, दुसऱ्या गिअरवर, ब्रेक जपून. पोफळीला चहा घेतला. परत मी चालवतो म्हटलं, तर किल्ली दिली नाही.

२१ ऑक्टोबर
सहाला निघाली. गादी, शेगडी, कपड्यांच्या पिशव्या. स्टेपनीत हवा मीच बघितली.
साडेनऊला फोन. पोचली. मागून काहीतरी वाजतंय म्हणे. शेगडी असेल, म्हटलं. "बाबा, शेगडी पुढच्या सीटवर होती."
रविवारी एसटीनं जाऊन बघून येतो.