एका घरात दोन बिऱ्हाडे

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, असे आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तलवारींचा आम्हांस अनुभव नाही. परंतु एका संगणकात दोन कार्यप्रणाली गुण्यागोविंदाने नांदू शकतात, हे आम्ही दोघा भावंडांनी २०२५ सालच्या दिवाळीच्या सुटीत स्वतः पाहिले. मात्र त्या नांदू लागण्यापूर्वी आमच्या हातून जो अपराध घडता घडता राहिला, तो प्रांजळपणे सांगावा, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बेळगावातील शहापूर भागात आमचे जुने घर आहे. त्याच्या माडीवर, खिडकीशी, आमचा संगणक बसलेला असतो. आजोबांनी तो २०१२ साली घेतला. म्हणजे वयाने तो आमच्याहून थोडाच धाकटा. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राच्या घरातील कारभारी. कळफलकावरील बोटे, पडद्यावरील अक्षरे आणि डिस्कवरील लेखन या साऱ्यांचा मेळ तीच घालते. आमच्या घरी हा कारभार विंडोज १० कडे होता. तिला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुढच्या विंडोज ११ ला सुरक्षिततेसाठी जी नवी चिप आणि जो नवा प्रोसेसर लागतो, ते आमच्या वृद्ध यंत्रापाशी नव्हते. यंत्र तर धडधाकट. ते भंगारात कसे द्यावे?

तेव्हा आम्ही लिनक्सचा विचार केला. लिनक्सचा गाभा १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील अवघ्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने लिहावयास घेतला, आणि पुढे जगभरच्या जाणकारांनी तो वाढविला. तो कोणासही विनामूल्य वापरता येतो, जुन्या यंत्रांवरही चालतो. त्याच्या अनेक रूपांपैकी लिनक्स मिंट हे रूप आम्ही निवडले.

मग विंडोजला सरळ निरोप का दिला नाही, असे वाचक विचारतील. त्याचे कारण आमची आजी. आजीचे माहेर खानापूर तालुक्यात. जात्यावर बसून तिने आपल्या आईकडून ऐकलेल्या दोनशेहून अधिक ओव्या तिला मुखोद्गत होत्या. आजोबांनी संगणक आणला तो त्या ओव्या उतरवून घेण्यासाठीच. ती म्हणत असे आणि ते टंकीत असत. आजी आज हयात नाही. ओव्या तेवढ्या राहिल्या. पण त्या अशा लिपीत राहिल्या की जिला लिपी म्हणावे की नाही, हाच प्रश्न. शाळेच्या कचेरीत आजोबा जी जुनी मराठी टंकलेखनाची सोय शिकले होते, तीत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी अक्षरांची चित्रे बसविलेली असत. तो विशिष्ट अक्षरसंच असेल तेथे मराठी दिसते. नसेल तेथे निरर्थक इंग्रजी अक्षरांचा ढीग. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीला १९९१ सालीच स्वतःचे स्थान मिळाले होते; पण आजोबांच्या बोटांना जुनीच सवय. त्यांची ती सोय विंडोजवाचून चालत नाही. म्हणून जुने बिऱ्हाड ठेवून शेजारी नवे थाटावयाचे, असे ठरले.

त्यासाठी प्रथम विंडोजचीच साधने वापरून तिची जागा थोडी आवळली आणि नव्या बिऱ्हाडासाठी शंभर जीबीची खोली मोकळी केली. ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोयही बंद केली. कारण ती चालू असता विंडोज पुरती झोपत नाही, जागेपणीचा काही पसारा डिस्कवर तसाच ठेवते, आणि अशा वेळी दुसऱ्या प्रणालीने तेथे हात घातला तर लेखन बिघडण्याचा संभव असतो. ओव्यांची एक नक्कल आम्ही पेनड्राइव्हवर घेतली. ही आमची दूरदृष्टी! पुढे लिनक्स मिंटची प्रत उतरवून घेतली आणि ती पेनड्राइव्हवर चढविली.

त्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू केले, तेव्हा पडद्यावर दोन मुख्य पर्याय आले. जुन्या प्रणालीशेजारी नवी बसवावयाची, की सारी डिस्क पुसून एकटी नवीच बसवावयाची? रात्रीचे अकरा वाजले होते. आम्हांपैकी एकास वाटले, ही वाटणीची कटकट हवी कशाला? सारे पुसून घर स्वच्छ करावे, विंडोज मागाहून पुन्हा घालता येईल, आणि ओव्यांची नक्कल तर पेनड्राइव्हवर आहेच. बाण पुसण्याच्या पर्यायावर गेलासुद्धा. तेवढ्यात दुसऱ्याने विचारले, “कोणत्या पेनड्राइव्हवर?”

आमच्या घरी पेनड्राइव्ह एकच होता. तो समोर यंत्रात खोवलेला होता आणि हा पडदा त्याच्यावरूनच दिसत होता. लिनक्सची प्रत चढविताना त्यावरील सारे पुसले जाते, ही सूचना आम्ही वाचली होती आणि न वाचल्यासारखी पुढे ढकलली होती. नक्कल केव्हाच नाहीशी झाली होती. आजीच्या ओव्या आता जगात एकाच ठिकाणी उरल्या होत्या, आणि तेच ठिकाण पुसण्यास आम्ही सिद्ध झालो होतो. आम्ही काही न बोलता यंत्र बंद केले. त्या रात्री आम्हां दोघांसही नीट झोप आली नाही.

सकाळी आजोबांना सर्व सांगितले. ते रागावले नाहीत. थोडा वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि म्हणाले, “अरे, बियाणे कधी एका कणगीत ठेवतात का?”

त्याच दिवशी दोन नवे पेनड्राइव्ह आणले. एकावरील नक्कल काकांच्या घरी उघडून पाहिली, तर काय, सारी इंग्रजी अक्षरांची खिचडी! अक्षरसंच सोबत घ्यावयाचा राहिला होता. तोही घेतला. शिवाय साऱ्या ओव्या कागदावर छापून घेतल्या. उघडून पाहिल्यावाचून नक्कल ही नक्कल नव्हे, हा धडा आम्ही तेथे शिकलो.

त्यानंतर ‘शेजारी’ हाच पर्याय निवडला आणि तासाभरात काम झाले. आता यंत्र सुरू होताच ग्रब नावाचा द्वारपाल पडद्यावर येतो, कोणाकडे जावयाचे ते विचारतो आणि काही सेकंद उत्तराची वाट पाहतो. शेजाऱ्यांत एक भांडण मात्र झाले, ते घड्याळावरून. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक प्रमाणवेळ ठेवते आणि भारतासाठी साडेपाच तास मिळविते. विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळेचे समजते. त्यामुळे सकाळी नऊ वाजता विंडोजने साडेतीन दाखविले. आजोबा म्हणाले, “तुमच्या आजीची जात्यावर बसण्याची वेळ बरोबर हीच!” लिनक्सला स्थानिक वेळ ठेवण्याची आज्ञा दिल्यावर ते भांडण मिटले.

या व्यवस्थेत एक उणीव आहे. एका वेळी एकच बिऱ्हाड जागे असते. जुन्यातील ओवी पाहत पाहत नव्यात लिहिता येत नाही. म्हणून छापलेले कागद घेऊन आजोबा शेजारी बसतात आणि वाचतात. आम्ही लिनक्सवर युनिकोडमध्ये टंकितो. वाचता वाचता ते मध्येच थांबतात. “हा शब्द तिने असा म्हटला नव्हता, मीच चुकीचा घातला होता,” असे म्हणून तो दुरुस्त करवितात. आजवर साठ ओव्या झाल्या आहेत. सरळ सारे पुसले असते तर ओव्या गेल्या असत्या. आणि एखाद्या यंत्राने त्या क्षणार्धात उतरविल्या असत्या, तर ही दुरुस्ती राहिली असती.

वाचकमित्रहो, आपल्याही घरी जुन्या अक्षरसंचात कोणाचे लेखन पडून असेल. नवी प्रणाली अवश्य आणावी. पण त्याआधी ते लेखन एकदा उघडून पाहावे, आणि ते लिहिणारे माणूस घरात असेल, तर त्याच्या शेजारी बसून पाहावे.