बर्फाचे पंच्याहत्तर पैसे

गेल्या पाडव्याला आमच्या नातवाने कॅमेरा घेतला. तो इथे नागपुरातच मिहानमधल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. पगार चांगला आहे. पण शनिवार-रविवारी लग्नाचे फोटो काढण्याचा जोडधंदा करावा, असे त्याच्या मनाने घेतले. सूनबाईंनी कपाळाला हात लावला. चिरंजीव काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही ते पसंत नसावे. तेव्हा नातू माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही पण नोकरी सांभाळून हेच केलंत ना? मग मला काहीतरी सांगा."

ऐंशीच्या पुढच्या माणसाला कुणी 'काहीतरी सांगा' म्हणावे, याहून मोठी दिवाळी ती कोणती? मी सांगायला बसलो. अर्ध्या तासाने त्याला कुणाचा तरी फोन आला आणि तो उठून गेला. उरलेली गोष्ट माझ्याजवळच राहिली. ती आता तुम्हांला सांगतो.

मी त्या वेळी एम्प्रेस मिलच्या कचेरीत कारकून होतो. १८७७ साली, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले त्याच दिवशी ही मिल सुरू झाली, म्हणून तिचे नाव 'एम्प्रेस'. २००२ साली ती बंद पडली. पण माझ्या तरुणपणी तिच्या भोंग्यावर निम्मे नागपूर घड्याळे लावीत असे. धंतोलीत आमचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते. १९६२ साली मी आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा घेतला, तो निव्वळ हौसेने. एका रोलमध्ये बारा फोटो निघत. महाराजबागेतला वाघ, अंबाझरीचा तलाव, शेजारच्या वाड्यातली मांजर, असे काय काय टिपून मी ते मित्रांना दाखवीत असे. मित्र 'वा!' म्हणत. हौसेच्या फोटोला 'वा!' म्हणायला काहीच पडत नाही.

पुढे शेजारपाजारचे लोक येऊ लागले. कुणाला परीक्षेच्या अर्जासाठी फोटो हवा, कुणाला मुलीचे स्थळ पुण्या-मुंबईकडे पाठवायचे. हे स्थळाचे फोटो म्हणजे मोठी कसोटी! मुलीची आई म्हणे, "थोडी उजळ दिसू द्या हो." निगेटिव्हवर बारीक पेन्सिल फिरवून चेहऱ्यावरच्या पुटकुळ्या घालवता येतात, त्या मी घालवीत असे. त्यापलीकडे मात्र माझी पेन्सिल गेली नाही. मुलगी पाहायला येणारी मंडळी डोळे घरी ठेवून येत नाहीत, असे मी त्या माउल्यांना सांगत असे.

१९६६ साली मनात आले की, हाच धंदा रीतसर का करू नये? कचेरीत वरिष्ठांना विचारले. "मिलच्या वेळेत नको, आणि मिलच्या कागदावर हिशेब नको," एवढ्या दोन अटींवर त्यांनी मान डोलावली. घरची परवानगी अवघड होती. मी आमच्या सौभाग्यवतींना लाला दीनदयाळांची गोष्ट सांगितली. हे गृहस्थ इंदूरला बांधकाम खात्यात नकाशे आणि अंदाजपत्रके करीत. नोकरी सांभाळूनच त्यांनी १८७४ च्या सुमारास कॅमेरा हाती घेतला आणि पुढे ते निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले! आपले दादासाहेब फाळकेसुद्धा सिनेमात शिरण्यापूर्वी गोध्र्याला फोटोचा स्टुडिओ चालवीत होते.

हिने शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "अहो, पण निजामाचं राज्य आता कुठं राहिलंय? तुमचा दरबार भरणार कुठं? धंतोलीत?"

असे म्हणाली खरी, पण भिशीचे तीनशे रुपये तिनेच माझ्या हातावर ठेवले. त्यातून मी बर्डीवर एकाकडून यशिकाचा दोन डोळ्यांचा जुना कॅमेरा आणि एक फ्लॅश घेतला. न्हाणीघर ही आमची डार्करूम झाली. खिडकीला घोंगडे, दाराच्या फटीत चिंध्या, बादलीवर फळी आणि फळीवर ट्रे. छापण्याच्या कागदाला तांबडा दिवा चालतो, पण फिल्म डब्यात भरताना तोही चालत नाही. मिट्ट काळोख लागतो. मी एकदा आत गेलो की घरात कुणाला आंघोळ नाही. हिने एक वही घातली. डाव्या पानावर खर्च, उजव्या पानावर जमा. डावे पान भराभर भरे आणि उजवे रिकामेच राही.

अशात १९६७ च्या मे महिन्यात महालातले एक लग्न माझ्याकडे आले. मुलीचे वडील शाळामास्तर होते. मोठ्या स्टुडिओचा खर्च परवडण्यासारखा नव्हता, म्हणून त्यांनी मला पंचवीस रुपये आगाऊ दिले. आदल्या संध्याकाळी मी सीमांतपूजनाला गेलो. मंडळी यायला अवकाश होता. उजेडाचा अंदाज घ्यावा म्हणून मी अंगणातच एक फोटो काढला. मास्तरांच्या काळ्या कोटाचे बटण तुटले होते. मुलगी ओट्यावर बसून ते लावीत होती आणि मास्तर नुसत्या बंडीवर, कोट कधी मिळतो याची वाट पाहत तिच्याशेजारी उभे होते. मला वाटले, एक फोटो फुकट गेला.

तो रोल मी पहाटे तीन वाजता धुतला. उत्तम निघाला.

दुसऱ्या दिवशी अकराचा मुहूर्त होता. अंतरपाट, मंगलाष्टके, कन्यादान, सप्तपदी, सगळे दोन रोलमध्ये घेतले. फ्लॅशचा दिवा एकदाच पेटे आणि जळून जाई. ते जळके गरम दिवे गोळा करायला पोरे माझ्यामागे धावत होती. मी अगदी रंगात आलो होतो. वऱ्हाड अकोल्याचे होते आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे होते. पंक्तीत कुणीतरी म्हणाले, "फोटो काय महिन्याने पाहायचे?" आणि मी बोलून गेलो, "गाडी सुटायच्या आत चार फोटो तुमच्या हातात देतो!"

दुपारी दोनला घरी आलो. मे महिन्यातले नागपूर म्हणजे काय, हे नागपूरकराला सांगायला नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. नळाचे पाणी चहाला चालावे इतके तापलेले. फिल्मवर चित्र धरून ठेवणारा जो थर असतो, तो जिलेटिनचा. डेव्हलपर वीस अंशांच्या आसपास असावा लागतो. फार तापला की जिलेटिन फुगते, मऊ पडते आणि सुटू लागते. हे मी पुस्तकात वाचले होते. ही म्हणालीसुद्धा, "अहो, बर्फ आणा." कोपऱ्यावरच्या दुकानात पंच्याहत्तर पैशांत पुरेसा बर्फ मिळाला असता. पण वहीतले डावे पान डोळ्यांपुढे आले. म्हटले, माठाचे पाणी आहे की!

धुणे आटोपून मी डबा उघडला. फिल्म वर उचलली आणि दुधावरची साय सरकावी तसा तो काळा थर तिच्यावरून ओघळून खाली पडला. अंतरपाट गेला, कन्यादान गेले. दुसराही रोल त्याच डब्यात होता. माझ्या हातात नुसत्या पारदर्शक पट्ट्या राहिल्या.

स्टेशनवर मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी, मांडव उतरत असताना, महालात गेलो. रोल मुळातच खराब होता, असे सांगता आले असते. त्या काळी फिल्मची टंचाई असे, परदेशी माल मोजका येई. उटीच्या सरकारी कारखान्यात उत्पादन सुरू झाले तेच त्या वर्षी. तेव्हा कुणालाही ते खरे वाटले असते. वाटेत मी ते वाक्य चांगले चार वेळा घोकलेही होते. पण माउलींनी गुळाचा खडा आणि पाणी आणून पुढे ठेवले आणि ते वाक्य घशातच राहिले. मी खरे काय ते सांगितले आणि पंचवीस रुपये पुढे केले.

मास्तरांनी ते मोजून घेतले. "हे घेतलेच पाहिजेत. सोडून देण्याची माझी ऐपत नाही," ते म्हणाले. मग विचारले, "बर्फाला किती पडले असते?"

"पंच्याहत्तर पैसे."

ते बराच वेळ गप्प होते. रागावले असते तर मला बरे वाटले असते.

मग मी आदल्या दिवशीच्या रोलचे फोटो काढून दिले. एकेक पाहत माउली त्या बटणाच्या फोटोपाशी थांबल्या. पदराने डोळे पुसले. म्हणाल्या, "हा एक मोठा करून द्या जी." बर्डीवरच्या एका जुन्या स्टुडिओतून मी तो मोठा करून आणला आणि पैसे घेतले नाहीत. त्याच स्टुडिओतल्या वृद्ध फोटोग्राफरांनी मला उन्हाळ्याची विद्या शिकवली: हायपोच्या पाण्यात आम्ल आणि तुरटी घालायची म्हणजे थर कडक होतो, ट्रेभोवती बर्फ ठेवायचा, काम पहाटे करायचे, आणि कुणी कितीही घाई केली तरी दुपारी डब्याला हात लावायचा नाही.

हौस आणि धंदा यांतला फरक मला त्या दिवशी कळला. हौसेचा फोटो बिघडला तर तो माझा बिघडतो. पैसे घेतले की बिघडतो तो दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याचे कन्यादान पुन्हा होत नाही. जोडधंदा म्हणून तो अर्ध्या मनाने करता येत नाही. नोकरीत झालेली चूक दुसऱ्या दिवशी तांबड्या शाईने सुधारता येते. इथे ती सोय नाही.

दोन वर्षांनी, १९६९ च्या उन्हाळ्यात, मास्तर स्वतः आमच्या घरी आले. धाकटीचे लग्न ठरले होते. "फोटो तुम्हीच काढायचे," म्हणाले. मला बोलायला काही सुचेना. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे दार वाजले. एक पोरगा सायकलवरून गोणपाटात गुंडाळलेली, भुसा लावलेली बर्फाची लादी घेऊन आला होता. "मास्तरांनी पाठवली जी. पैसे दिलेत म्हणाले."

न्हाणीघरात मी ती लादी फोडत होतो आणि बाहेर आमची सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसत होती. त्या लग्नातला एकही फोटो गेला नाही.

परवा नातू पुन्हा आला तेव्हा त्याला ही गोष्ट पुरी सांगितली. त्याच्या कॅमेऱ्यात ना जिलेटिन, ना हायपो. फोटो एका नखाएवढ्या कार्डावर उतरतात. मी विचारले, "हे कार्ड बिघडलं तर?" तो म्हणाला, "दोन कार्डांवर एकाच वेळी उतरवता येतात, आजोबा. पण दुसरं कार्ड थोडं महाग पडतं, म्हणून अजून घेतलं नाही."

मी नुसता त्याच्याकडे पाहत राहिलो. तो हसला, मग गंभीर झाला, आणि चपला घालून बर्डीकडे निघाला.

आतून हिचा आवाज आला, "त्याला म्हणावं, येताना एक वहीसुद्धा घेऊन ये!"