गाणं कोणतंही चालेल

दिवाळीची आवराआवर म्हणजे जुन्या वस्तूंशी नव्याने भांडण. यंदा माळ्यावरून एक पर्स निघाली. काळी, रेक्झिनची, चेन तुटलेली. सीताबर्डीवरून घेतलेली. फेकून देणारच होते, पण सवयीने आतला कप्पा चाचपला आणि हाताला एक पोस्टकार्ड लागलं. मग काय, आवराआवर राहिली बाजूला. मी आपली शिडीवरच बसून राहिले.

त्या कार्डाबद्दल लिहायचंय. पण त्यासाठी आधी माझ्या पहिल्या नोकरीबद्दल सांगायला हवं. आमच्या घरातल्या बऱ्याच जणांना ती माहीत आहे ("आमची पोरगी रेडिओत होती" हे वाक्य मोठ्या आईने किती लग्नांत ऐकवलंय!), पण ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नाही.

१९९७ साल. मी नागपुरात एम. ए. करत होते. आकाशवाणीच्या नागपूर केंद्राला नैमित्तिक उद्घोषक हवे असल्याचं कळलं आणि मैत्रिणीच्या आग्रहाने अर्ज केला. नैमित्तिक म्हणजे कायमची नोकरी नव्हे. महिन्यातून मोजक्या ड्युट्या, जास्तीत जास्त सहा. तिथे सगळे आम्हाला 'कॅज्युअल' म्हणत. लेखी परीक्षा झाली, मग आवाजाची चाचणी. काचेपलीकडे तीन माणसं आणि अलीकडे मी, माइक आणि कोरडा पडलेला घसा.

खरी अडचण घशाची नव्हती, अक्षरांची होती. मी मूळची गोसीखुर्दची. पवनी तालुका, भंडारा जिल्हा, वैनगंगेच्या काठी. आमच्याकडे बोलतात ती झाडीबोली. तिच्यात 'ण' नाही, 'ळ' नाही, 'श' नाही. आम्ही पाणी पीत नाही, पानी पितो. :) कॉलेजात गेल्यावर मी हे बरंचसं लपवायला शिकले होते, पण माइक फार चहाडखोर असतो. निवड झाल्यावर दोन महिने मी वसतिगृहाच्या गच्चीवर 'बाळ, काळ, फळ, पाणी, वाणी, लोणी' घोकत फिरायचे. खोलीतल्या मुलींना वाटायचं हिचं काहीतरी बिनसलंय.

सिव्हिल लाइन्समधली ती इमारत मला अजून वासासकट आठवते. स्टुडिओचं जाड, जड दार ढकलून आत गेलं की बाहेरचं जग बंद व्हायचं. स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू यायचा. हे केंद्र १९४८ सालचं, म्हणजे नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं तेव्हाचं. त्यामुळे तिथल्या रेकॉर्ड लायब्ररीत शिरलं की देवघरात आल्यासारखं आपोआप हळू बोललं जायचं. आम्हीच निवेदन करायचं, आम्हीच रेकॉर्ड लावायची, आम्हीच फेडर वर-खाली करायचा आणि वेळ क्यू-शीटवर लिहायची. पहिल्याच आठवड्यात मी ४५ च्या वेगाची छोटी रेकॉर्ड ३३ वर लावली. गाणाऱ्या बाईंचा आवाज असा काही बाप्यासारखा झाला की ड्युटी रूममधून धावत माणूस आला. त्या रात्री मी जेवले नाही. नंतर कळलं, हे प्रत्येकाकडून एकदा होतंच.

"आकाशवाणीचं हे नागपूर केंद्र आहे. मध्यम लहरींवर ५१२.८ मीटर्स, अर्थात ५८५ किलोहर्ट्झवर..." एवढं एक वाक्य मी पहिल्यांदा बोलले तेव्हा मला आबाजी दिसत होते. माझे आजोबा. रोवणीच्या दिवसांत त्यांचा ट्रान्झिस्टर बांधीच्या धुऱ्यावर ठेवलेला असे, चामड्याच्या खोळीत. चिखलात बायका धान रोवतायत, वरून पाऊस आणि धुऱ्यावर नागपूर केंद्र. मिडियम वेव्हची हीच गंमत. आवाज खरखरायचा, पण ऐंशी-एक किलोमीटरवरच्या शेतात न चुकता पोचायचा. माझ्या पहिल्या चेकमधून मी त्यांना नवा ट्रान्झिस्टर नेऊन दिला. त्यांनी तो कपाटात ठेवला आणि जुनाच ऐकत राहिले. "नव्यातून तुहा आवाज वेगळा येते," म्हणाले!

मला सर्वांत आवडायचा तो फर्माईशीचा कार्यक्रम. पोस्टकार्डांचे गठ्ठे यायचे. तुमसर, साकोली, लाखांदूर, अड्याळ, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी... काही कार्डांवर श्रोता संघांचे शिक्के, काहींवर रंगीत शाईची वेलबुट्टी. गाण्याचं नाव एका ओळीत आणि उरलेल्या कार्डभर माणसांची नावं. आई, बाबा, काका, काकू, शेजारी, गल्लीतली चिल्लीपिल्ली आणि शेवटी 'समस्त गावकरी'. पहिल्या महिन्यात मला वाटायचं, ही नावं म्हणजे गाण्याआधीची कटकट. तिसऱ्या महिन्यात कळलं की गाणं हे निमित्त आहे. तेच गाणं परवा वाजलेलं असतं, चार दिवसांनी पुन्हा वाजणार असतं. माणसाला ऐकायचं असतं ते स्वतःचं नाव आणि त्याच्यापुढे गावाचं नाव.

झुमरीतलैया तुम्हाला माहीत असेलच. आताच्या झारखंडातलं, कोडरमा जिल्ह्यातलं गाव. रेडिओ सिलोन आणि विविध भारतीच्या काळात तिथून इतक्या फर्माईशी जायच्या, की बऱ्याच लोकांना वाटे असं गाव नसेलच, निवेदकांनीच कल्पनेतून काढलं असेल. त्या गावाच्या जवळच तिलैया धरण आहे, दामोदर खोऱ्यातलं, १९५३ सालचं. धरण किती जणांना ठाऊक आहे? गाव मात्र ठाऊक आहे, गाण्यांमुळे.

आमच्या गावाचं नेमकं उलटं झालं.

२२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते आमच्याकडे धरणाची कोनशिला बसली. मी तेव्हा शाळेत होते. आमची नदीकडची बांधी धरणाच्या कामात गेली. वरच्या अंगाची गावंच्या गावं उठणार हेही कळत होतं. धरणाचं कागदावरचं नाव 'इंदिरा सागर', पण लोकांच्या तोंडी गोसीखुर्दच बसलं. खुर्द म्हणजे लहान. त्या लहान गावाचं नाव बातम्यांत यायला लागलं. निधी, भूसंपादन, मोबदला, मोर्चा, पुनर्वसन. प्रत्येक वेळी आबाजी मान वर करून ऐकायचे आणि पुन्हा खाली घालायचे. एकदा म्हणाले, "नाव तं येते बाई रोज. पन ते धरनाचं येते. गावाचं कोनी घेतच नाई."

मी हसले होते.

१९९८ च्या हिवाळ्यात एका ड्युटीला गठ्ठा चाळताना ओळखीचं अक्षर दिसलं. शेजारच्या, सातवीतल्या मुलाचं. मजकूर मात्र आबाजींचा, त्यांनी सांगितलेला जसाच्या तसा. "मुक्काम गोसीखुर्द, तालुका पवनी, जिल्हा भंडारा." खाली अकरा नावं. घरातलं एकही नाही! गावातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं, त्यांच्या बरोबरीची. सर्वांत शेवटी त्यांचं स्वतःचं. माझा उल्लेख नाही, नातं नाही, काही नाही. आणि गाण्याच्या जागी लिहिलं होतं, "गाने कोनतेही चालेल. गावाचे नाव तेवढे सांगजा."

ते कार्ड मी वाचलं नाही.

एका ज्येष्ठ उद्घोषिकेने सुरुवातीलाच सांगितलं होतं, घरच्यांची नावं माइकवर घ्यायची नाहीत, माइक म्हणजे घरचा फोन नव्हे. मी स्वतःला तेच कारण दिलं. वाटलं, पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला तरी वाचायला देईन. म्हणून कार्ड पर्समध्ये टाकलं.

पण आज वयाची पन्नाशी गाठल्यावर खरं लिहायला हरकत नाही. कारण नियमाचं नव्हतं. नियम सोयीचा होता, एवढंच. कार्डावरच्या अकरा जणांत माझ्या घरचे फक्त आबाजी, आणि तेही कुणाला कळलं नसतं. मला भीती होती माझ्या आवाजाची. दोन वर्षं मी त्या गावाला आवाजातून बाहेर काढत होते. कुणी विचारलं तर 'पवनीची' म्हणायचे, कधी नुसतं 'भंडाऱ्याची'. गोसीखुर्द म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "म्हणजे तुम्ही धरणग्रस्त का?" मला ग्रस्त व्हायचं नव्हतं. मला उद्घोषिका व्हायचं होतं. त्या नावापाशी माझा आवाज अडखळेल, 'ण'चा 'न' होईल आणि काचेपलीकडच्या सगळ्यांना कळेल, असं वाटलं.

त्या दिवशी मी तुमसरचं कार्ड वाचलं. छान वाचलं.

होळीला गावी गेले. आबाजी अंगणात बसले होते. त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग सहज, जणू आत्ताच आठवलं असं दाखवत, "कारड पोचलं नाई का वो?"

मी म्हटलं, "नाही आबाजी. नाही पोचलं."

इतकं सोपं होतं. 'नाही'तला एकही उच्चार चुकला नाही.

संध्याकाळी पानठेल्यापाशी आबाजींनी डाकवाल्या काकांना गाठलं. गेली कित्येक वर्षं सायकलवर आमच्या भागाची डाक नेणारा माणूस. "एवढी वर्सं लोकाईची कारडं नेली, अन् माहं एक कारड पोचवता नाई आलं तुले?" काका काहीच बोलले नाहीत. त्यांनी सायकलचं हँडल दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. मी चार पावलांवर उभी होते. कार्ड माझ्या खांद्यावरच्या पर्समध्ये होतं.

पुढे २००० साली माझं लग्न झालं, पुण्याला आले आणि रेडिओ सुटला. आबाजी २००३ मध्ये गेले. २००९ मध्ये धरण राष्ट्रीय प्रकल्प झालं. पाणी चढत गेलं, नदीकाठची ओळखीची गावं पुनर्वसनाच्या प्लॉटांवर गेली. ऑगस्ट २०२० मध्ये पूर्व विदर्भात महापूर आला, तेव्हा गोसीखुर्दचे सगळेच्या सगळे ३३ दरवाजे उघडल्याची बातमी दिवसभर टीव्हीवर होती. माझ्या शेजारणीने फोन करून विचारलं, "अगं, हे तुमच्याकडचंच धरण ना?" ती चुकीचं काहीच बोलली नव्हती. पण मी फोन ठेवला आणि आबाजींचं वाक्य आठवलं. नाव तं येते बाई रोज.

२० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सयानी गेले, तेव्हा माझ्या ओळखीच्या सगळ्यांनी रेडिओच्या आठवणी लिहिल्या. मलाही दोघातिघांनी म्हटलं, तू तर रेडिओत होतीस, लिही की. मी चार ओळी लिहून पुसल्या. त्या रेकॉर्डच्या गमतीपर्यंत यायचे आणि पुढे ते कार्ड आडवं यायचं. कुठे ठेवलंय हे तेव्हा आठवत नव्हतं. नसलेलंच बरं, असंही वाटायचं.

आता मात्र सापडलं होतं. दिवाळीनंतर पवनीला जाणं झालं. बाबा आता तिथेच राहतात. त्यांना कार्ड दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "अकरातले दोघंच राहिले आता." मग डाकवाल्या काकांचा पत्ता काढला. ऐंशीच्या पुढे आहेत, मुलाकडे असतात. ऐकायला कमी येतं, त्यामुळे माझी कबुली मला ओरडून द्यावी लागली, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी. कदाचित ते बरंच झालं.

"काका, ते कार्ड तुम्ही पोचवलं होतं. मीच खोटं बोलले."

ते कार्ड हातात घेऊन बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं त्यांना आठवतच नसेल. मग म्हणाले, "मले वाटे, भिजलं असन कोठी तरी." म्हणजे इतकी वर्षं त्यांनी तो दोष घेतला होता! पुढे अगदी साधेपणाने त्यांनी विचारलं, "गानं कोनतं होतं?"

मी सांगितलं, "कोनतंही चालेल म्हने."

माझ्या तोंडून 'न'च गेला. दोघंही हसलो. निघताना त्यांच्या सुनेने चहा दिला आणि काकांनी कार्ड परत माझ्या हातात ठेवलं, दोन्ही हातांनी, रजिस्टर द्यावं तसं.

असो. बरंच लांबलं. मोठ्या आई, तुम्ही हे वाचलंत तर आता लग्नांत सांगताना एवढंही सांगा. आणि ब्लॉगवरच्या मित्रमंडळींनो, तुम्ही रेडिओवाले नसाल, पण एक लहानसं काम करा. ही पुढची ओळ मनात नको, मोठ्याने वाचा.

मुक्काम गोसीखुर्द, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, इथून आबाजी, त्यांचे दहा मित्र आणि समस्त गावकरी यांची ही फर्माईश.

गाणं कोणतंही चालेल.